रोव्हर्स चषक : बाद पद्धतीच्या एका स्पर्धेचा इतिहास

कारंज्याच्या स्मरणिकेत मुंबईतल्या फुटबॉल स्पर्धेचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. दिवाळी सरते, कापूस घरात येतो आणि आपल्या भागात गावोगाव खुले सामने भरू लागतात. कबड्डीचे, व्हॉलीबॉलचे, क्रिकेटचे आणि मैदान असेल तिथे फुटबॉलचेही. प्रवेश फी भरायची, चिठ्ठ्या टाकायच्या, हरला तो घरी आणि जिंकला तो पुढच्या फेरीत, अशी या सामन्यांची रीत आपल्या अंगवळणी पडली आहे. ही रीत महाराष्ट्रात ज्या स्पर्धांनी प्रतिष्ठेला नेली त्यांत रोव्हर्स चषकाचे स्थान फार वरचे आहे. शंभराहून अधिक वर्षे तो खेळला गेला आणि मग थांबला. तो कसा मोठा झाला आणि का थांबला, या दोन्ही गोष्टी सामने भरवणाऱ्या प्रत्येक गावाने समजून घ्याव्यात, म्हणून हा लेख.

बाद पद्धत कुठून आली

फुटबॉलमधली चषकाची परंपरा इंग्लंडमध्ये सुरू झाली. १८७१-७२ च्या हंगामात तिथल्या फुटबॉल संघटनेने आपला चषक खेळवला. पहिल्या वर्षी १५ संघांनी नावे दिली होती. मागोमाग १८७३-७४ मध्ये स्कॉटलंडचा चषक आला आणि १८७७-७८ मध्ये वेल्सचा. वेल्सच्या पहिल्या अंतिम सामन्यात रेक्सहॅम संघाने ड्रुइड्स संघाला १-० ने हरवले. वेल्स हा डोंगरदऱ्यांचा, कोळशाच्या खाणींचा मुलूख. आठवडाभर खाणीत राबणारी माणसे शनिवारी मैदानात उतरत. देशाच्या मोठ्या चषकाखाली तिथे प्रांताप्रांतांचे चषक उभे राहिले, कारण छोट्या गावांच्या हौशी संघांना मोठ्या शहरांपर्यंतचा प्रवास परवडणारा नव्हता. आपल्या पंचक्रोशीतल्या संघांशी खेळायचे, जिंकले तर जिल्ह्याभर नाव होते आणि हरले तर पुढच्या वर्षी पुन्हा उतरायचे, एवढ्या बळावर ते चषक टिकले.

बाद पद्धतीचे गणित साधे आहे. प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो. त्यामुळे जितके संघ, त्याहून एक सामना कमी. १६ संघ असतील तर १५ सामन्यांत विजेता ठरतो. साखळी पद्धतीने त्याच १६ संघांना एकमेकांशी खेळवायचे म्हटले तर १२० सामने भरवावे लागतील. संघांची संख्या ८, १६, ३२ अशी नसली की काही संघांना पहिल्या फेरीत ‘बाय’ द्यावा लागतो. समजा ११ संघ आले. १६ ला ५ कमी, म्हणून ५ संघांना बाय. उरलेले ६ संघ पहिल्या फेरीत ३ सामने खेळतील. त्यातले ३ विजेते आणि बाय मिळालेले ५ मिळून ८ झाले, की पुढची वाट सरळ होते. बाय कुणाला मिळाला यावरून सामन्यांच्या आदल्या रात्री कशी वादावादी रंगते, हे आयोजकांना सांगायला नको. म्हणूनच चिठ्ठ्या सगळ्या संघांच्या कप्तानांसमोर टाकायच्या असतात, आणि चिठ्ठी उचलायला लहान मुलाला पुढे करायचे असते.

थोडे दिवस, थोडा खर्च, एकच मैदान, आणि एका दुपारच्या चांगल्या खेळावर बलाढ्य संघाला घरी पाठवण्याची संधी. गरीब गावाला आणि छोट्या संघाला ही पद्धत मानवते ती यामुळे.

पलटणींचे दिवस

भारतात हा खेळ इंग्रज फौजेबरोबर आला. १८८८ मध्ये शिमल्याला ड्युरँड चषक सुरू झाला. मुंबईतल्या इंग्रज फुटबॉलप्रेमींनी १८९० मध्ये रोव्हर्स चषकाची कल्पना मांडली आणि १८९१ मध्ये पहिली स्पर्धा झाली. वूस्टरशर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने ती जिंकली. दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, कलकत्त्यात आयएफए शील्ड सुरू झाली. ड्युरँड, रोव्हर्स आणि शील्ड या तीन स्पर्धांवर पुढची कित्येक दशके भारतीय फुटबॉल उभे राहिले.

त्याच काळात आपले कारंजा वेगळ्या कारणाने नोंदले जात होते. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंज्यात कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून शेतमाल पणनाच्या पुस्तकांत आजही त्याचा उल्लेख असतो. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या दिशेने जात होता, आणि ज्या मुंबईच्या गिरण्या त्या कापसावर चालत होत्या त्याच मुंबईत हा चषक आकार घेत होता. मुंबई आणि वऱ्हाड यांच्यातला हा धागा पुढे फुटबॉलच्या मैदानावरही दिसतो.

सुरुवातीची बरीच वर्षे रोव्हर्स चषक हा गोऱ्या पलटणींचाच मामला होता. छावणीच्या शिस्तीत वाढलेले, बूट घालून खेळणारे धिप्पाड सैनिक एकमेकांशी झुंजत आणि गावचे लोक कडेला उभे राहून पाहत. पाहता पाहता ते खेळ शिकले. १८९२ मध्ये कलकत्त्याच्या शोभाबाजार संघाने ट्रेड्स चषकात ईस्ट सरे रेजिमेंटला हरवले, तेव्हाच पुढच्या गोष्टीची चाहूल लागली होती. १९११ च्या २९ जुलैला मोहन बागानने शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला २-१ असे नमवले. बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. त्याच १९११ मध्ये मुंबईत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आजची ‘विफा’, स्थापन झाली. रोव्हर्स चषकाची जबाबदारी पुढे याच संस्थेने वाहिली. मुंबईतले कूपरेजचे मैदान हे या चषकाचे घर झाले.

आपले संघ पुढे येतात

१९२३ मध्ये मोहन बागान रोव्हर्स चषकासाठी मुंबईत आला आणि थेट अंतिम फेरीत पोहोचला. डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्याला ४-१ असे हरवले. आकडा एकतर्फी वाटतो, पण त्या काळात भारतीय क्लबने पलटणींच्या स्पर्धेत शेवटच्या सामन्यापर्यंत मजल मारणे हीच मोठी बाब होती.

त्यानंतर चौदा वर्षे गेली. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स या संघाने रोव्हर्स चषक उचलला. हा चषक जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. १९३८ मध्ये त्यांनीच तो पुन्हा जिंकला. एखादा विजय योगायोगाने मिळाला असे म्हणता येते, लागोपाठ दोन वर्षे मिळाला की त्या म्हणण्याला अर्थ उरत नाही. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने अंतिम सामन्यात याच बंगळूर मुस्लिम्सला हरवून चषक नेला. त्याच वर्षी त्यांनी ड्युरँडही जिंकला. पलटणींनी पलटणींसाठी सुरू केलेल्या दोन्ही स्पर्धा एकाच वर्षात एका भारतीय क्लबच्या हाती आल्या.

बाद पद्धतीची ताकद इथे नीट कळते. कागदावर कोण मोठा, कुणाच्या पाठीशी सरकार, कुणाच्या पायात बूट, या सगळ्याचा हिशोब मैदानावर एका दुपारी लागतो. भारतीयांना फुटबॉल जमेल का, या प्रश्नाचे उत्तर या चषकांनी निकालाच्या आकड्यांत देऊन टाकले.

हैदराबादचे सलग पाच चषक

स्वातंत्र्यानंतर रोव्हर्स चषकाच्या इतिहासातले सर्वांत झळाळते पर्व आले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी चषक जिंकला. संघाचे मार्गदर्शक होते सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. खेळाडूंनी चेंडू पायाशी घोळवत बसू नये, एक-दोन स्पर्शांत तो पुढे द्यावा, मोकळी जागा हेरून धावावे, हा त्यांचा आग्रह. डावा आणि उजवा दोन्ही पाय सारखे चालले पाहिजेत म्हणून ते दुबळ्या पायाने खेळण्याचे सामनेसुद्धा भरवत. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन असे खेळाडू याच संघातून राष्ट्रीय संघात गेले.

रहीम पुढे भारताचे प्रशिक्षक झाले. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांतले सुवर्ण आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक ही त्यांच्या हाताखालची कमाई. १९६३ मध्ये ते गेले. भारतीय फुटबॉलच्या त्या सुवर्णकाळाची तालीम रोव्हर्स आणि ड्युरँडच्या मैदानांवर झाली होती, हे विसरता येणार नाही. बाद सामन्यात चुकीला दुसरी संधी नसते. मेलबर्न ऑलिंपिकमध्येही नव्हती. त्या ताणाची सवय खेळाडूंना घरच्याच स्पर्धांत झालेली होती.

कूपरेजची गर्दी

मुंबईच्या स्वतःच्या संघांचा मान राखणारे साल म्हणजे १९५८. त्या वर्षी मुंबईच्या कॅलटेक्स संघाने रोव्हर्स चषक जिंकला. नेव्हिल डिसोझा याच संघाचा. दोन वर्षांपूर्वी मेलबर्नमध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते आणि भारताने तो सामना ४-२ असा जिंकला होता. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. १९५६ आणि १९६० अशा दोन ऑलिंपिकमध्ये भारताचे गोलरक्षक राहिलेले एस. एस. नारायण माटुंग्याच्या मैदानांवर घडले आणि कॅलटेक्सकडूनही खेळले. क्लब, कंपनी आणि देश असा खेळाडूचा सगळा प्रवास मुंबईतल्या मुंबईत होऊ शकत होता.

रोव्हर्सच्या दिवसांत कूपरेजवर साऱ्या थरांतली माणसे येत. दिलीपकुमार फुटबॉलचे मोठे शौकीन. प्राण यांनी तर बॉम्बे डायनॅमोज नावाचा स्वतःचा संघच उभा केला होता. गोदीतला कामगार, कचेरीतला कारकून, गोव्याहून आलेला तरुण आणि पडद्यावरचा नट एकाच मैदानाच्या कडेला बसत.

मुंबईच्या फुटबॉलचा पाया मात्र कंपन्यांच्या आणि गिरण्यांच्या संघांनी घातला. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, रेल्वे, बँका यांचे संघ होते. खेळाडूला नोकरी मिळे, दुपारनंतर सरावाला सुट्टी मिळे आणि संध्याकाळी संघाला चांगला मध्यरक्षक मिळे. ज्या मुंबईने वऱ्हाडच्या कापसाचे कापड विणले त्याच मुंबईच्या गिरण्यांनी फुटबॉलचे संघही जोपासले. रोव्हर्सखेरीज मुंबईच्या स्थानिक संघांसाठी हारवूड लीग आणि नाडकर्णी चषक होते. रोव्हर्स हा देशाचा चषक, नाडकर्णी हा शहराचा. शहराच्या चषकात खेळून तयार झालेला मुलगा देशाच्या चषकात उतरे. ही उतरंड फार महत्त्वाची होती.

कोलकाता आणि गोवा

१९६० च्या दशकाच्या मध्यापासून कलकत्त्याच्या संघांनी रोव्हर्स चषकावर पकड बसवली. मोहन बागानने तो एकूण १४ वेळा जिंकला, ईस्ट बंगालने १०. १९७२ मध्ये दोघांनी मिळून संयुक्त विजेतेपद घेतले. त्याआधी १९६२ मध्ये आंध्र पोलीस आणि ईस्ट बंगाल यांच्यात असाच चषक वाटला गेला होता. बरोबरी सुटेना तर दोघांच्याही हातात चषक द्यायचा, हा त्या काळाचा रिवाज. डेम्पो आणि साळगावकर या गोव्याच्या संघांनीही हा चषक जिंकला आणि मडगाव-पणजीकडच्या मुलांना कूपरेजची वाट दाखवली. या वर्षांत ड्युरँड, दिल्लीचा डीसीएम चषक आणि रोव्हर्स अशा स्पर्धांसाठी शहरे फिरत मोठे संघ हंगाम काढत. प्रेक्षकांना वर्षातून एकदा आपल्या शहरात देशातले उत्तम खेळाडू पाहायला मिळत, आणि तेही तिकीट खिशाला परवडेल अशा दरात.

चषक थांबला

१९९६-९७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. मोठ्या क्लबांचे वर्ष आता लीगच्या तारखांनी भरू लागले. लांबलचक लीगमध्ये गुंतवलेला खेळाडू चार-सहा सामन्यांच्या जुन्या चषकासाठी मोकळा करणे क्लबांना जड जाऊ लागले. मुंबईतही दिवस पालटत होते. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव सावरले नाही, आणि एकेका कंपनीने खेळावरचा हात आखडता घेतला. २०००-०१ मध्ये मोहन बागानने रोव्हर्स चषक जिंकला. त्यानंतर तो खेळवला गेला नाही. मुंबईच्या फुटबॉलची शान असलेला महिंद्र युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला आणि २०१० मध्ये तोही बंद झाला.

लीगमुळे व्यावसायिक फुटबॉलला शिस्त आली, हे मान्य केले पाहिजे. पण चषक आणि लीग या एकमेकींना मारक गोष्टी नाहीत. ज्या इंग्लंडने व्यावसायिक लीग जगभर नेली तिथला चषक आजही चालू आहे आणि छोट्या गावांचे हौशी संघ त्याच्या सुरुवातीच्या फेऱ्या खेळतात. आपल्याकडे ड्युरँडला लष्कराने सोडले नाही, म्हणून तो टिकला आणि २०१९ पासून कोलकात्यात नव्या उमेदीने भरतो आहे. रोव्हर्सला तसा पालक मिळाला नाही. त्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा धडा माझ्या मते हाच आहे: चषक मोठ्या नावांमुळे गाजतो, पण दरवर्षी ठरल्या तारखेला मैदान आखून उभी राहणारी माणसे असतील तरच तो जगतो.

कोल्हापूरने काय राखले

रोव्हर्स थांबला तरी महाराष्ट्रात बाद पद्धतीच्या हौशी फुटबॉलचा जीव कोल्हापुरात धडधडतो आहे. तिथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ ही नावे कोल्हापूरकर घरच्या माणसांसारखी घेतात. संघ पेठेचा, खेळाडू पेठेचा, वर्गणी पेठेची. राजर्षी शाहू स्टेडियमवर हंगामभर एकामागून एक चषक भरतात. पाटाकडील आणि शिवाजी समोरासमोर आले की शहराच्या त्या भागातली दुकाने लवकर मिटतात आणि स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. अशी मुले आभाळातून पडत नाहीत. पेठेच्या सामन्यांत लहानपणापासून डोळे खिळवून बसलेली असतात, तीच पुढे येतात.

कोल्हापुरात ईर्षाही मोठी आहे आणि कधी ती मर्यादा सोडते. पण ती जिव्हाळ्यातूनच येते. संघ आपला वाटतो म्हणून हार झोंबते. पंचांचा निर्णय मानायचा आणि पुढच्या चषकात उट्टे काढायचे, हे तिथल्या जाणत्या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवले आहे.

आपल्या मैदानासाठी

आता आपल्याकडे येऊ. फुटबॉलला लांबीला १०० ते ११० मीटर आणि रुंदीला ६४ ते ७५ मीटर मैदान लागते, निदान मोठ्या सामन्यांसाठी. गोलची चौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. हे सगळे कागदावर सोपे दिसते. आपली माती काळी. पावसाळ्यात ती पायाला चिकटते आणि बुटांखाली चिखलाची वीटच तयार होते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि धावताना घोटा मुरगळतो. म्हणून आपल्या भागात खेळाचे खरे दिवस कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे. त्याआधी मैदानावर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून ते दाबून घ्यावे लागते. फक्कीने रेषा मारायला माणूस हवा, जाळीची भोके शिवायला माणूस हवा, शेवटी चेंडू विहिरीत गेला तर तो काढायलाही माणूस हवा. ही कामे करणाऱ्यांची नावे निमंत्रणपत्रिकेत येत नाहीत. स्मरणिकेत तरी ती यावीत.

रोव्हर्सच्या इतिहासातून आपल्याला घेता येण्याजोग्या काही गोष्टी मला स्पष्ट दिसतात. पहिली, तारीख. दरवर्षी त्याच आठवड्यात सामने झाले की शेजारची गावे आपोआप तयारीला लागतात. मूर्तिजापूर, मंगरूळपीर, मानोरा, दारव्हा इथल्या संघांना निमंत्रणाची वाट पाहावी लागू नये. दुसरी, प्रवेश. पलटणींचा चषक सर्वांसाठी मोकळा झाला तेव्हाच तो देशाचा झाला. आपल्या सामन्यांतही तांड्यावरचा संघ, आश्रमशाळेचा संघ, मुलींचा संघ यांना जागा हवी. मुलींसाठी वेगळा चषक ठेवला, अगदी चार संघांचा असला, तरी सुरुवात झाली असे होईल. तिसरी, उतरंड. मोठ्यांच्या सामन्यांआधी सकाळी शाळकरी मुलांचे सामने ठेवले की पुढच्या दहा वर्षांचे संघ आजच मैदानावर दिसू लागतात.

चौथी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित, ती म्हणजे नोंद. बंगळूर मुस्लिम्सने १९३७ मध्ये काय केले, हे आज सांगता येते कारण कुणीतरी निकाल लिहून ठेवला. आपल्या गावातल्या जुन्या सामन्यांत कोण जिंकले, हे अनेकदा जुन्या माणसांच्या आठवणीतच राहते आणि त्यांच्याबरोबर जाते. एक साधी वही पुरे. संघ, खेळाडू, पंच, तारीख, निकाल, गोल कुणी केला. दरवर्षी ती वही आयोजकांनी पुढच्या आयोजकांकडे सोपवावी, आणि स्मरणिका निघेल तेव्हा तिच्यातली पाने छापावीत.

रोव्हर्स चषक पुन्हा भरावा, अशी आशा मुंबईतल्या फुटबॉलप्रेमींनी सोडलेली नाही, आणि ती फळाला यावी असे मलाही वाटते. पण त्यासाठी आपण थांबण्याचे कारण नाही. चषकाची परंपरा गावात रुजवायला मोठा पैसा लागत नाही. मैदान, ठरलेली तारीख, कप्तानांसमोर टाकलेल्या चिठ्ठ्या, पंचाचा मान आणि निकालाची वही एवढे जमले तर कारंज्यातही असा चषक उभा राहू शकतो. आपल्या नातवंडांनी त्याची शंभरी साजरी करावी, इतक्या जबाबदारीने तो आपण सुरू करावा आणि चालवावा.